बायपासनंतर वडील अंथरूण सोडत नाहीत : चालणं किती, खाणं काय आणि मनाचं काय करायचं?

तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून आधी मला तो कसा समजला ते सांगते. वडील ५९ वर्षांचे, वजन ६५ किलो, मधुमेह आहे, सगळं आयुष्य चादरीच्या कारखान्यात मागावर गेलं. बायपास होऊन १८ दिवस झालेत. घर सोलापुरात पूर्व भागात, पहिल्या मजल्यावर. दिवसभर पडून असतात, बोललं की चिडतात, भूक नाही, रात्री झोप नाही. मागच्या आठवड्यात एके दिवशी बरं वाटलं म्हणून कुणाला न सांगता खाली उतरले, चौकापर्यंत जाऊन आले आणि पुढचे दोन दिवस उठलेच नाहीत. तुम्ही पुण्यात नोकरीला, घरी आई एकटी. तुम्ही विचारलंय की त्यांना पॉझिटिव्ह कसं ठेवायचं, कोणते व्यायाम द्यायचे, भाकरी आणि शेंगाचटणी चालेल का, आणि स्कूटर कधी चालवता येईल.

माझ्या मते यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: ती चौकापर्यंतची फेरी आणि त्यानंतरचे दोन दिवस. बरं वाटलं की भरपूर करायचं, मग अंग मोडून पडायचं, पडून राहिल्यानं ताकद आणखी जायची, आणि "आता आपल्याच्यानं होत नाही" ही खात्री पक्की व्हायची. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपीत हे चक्र फार वेळा दिसतं. कष्टाची सवय असलेल्या माणसांत तर हमखास. शरीर किती चालेल याचा त्यांचा अंदाज शस्त्रक्रियेआधीचा असतो. म्हणून मन तयार झालं की चालू, असं ठेवू नका. चालणं घड्याळावर लावा, दिवस चांगला असो की वाईट, मात्रा तीच. मन त्याच्या मागून येतं, पण दोन-तीन आठवडे घेतं. आधी मन उभं करायचं आणि मग शरीर, हा क्रम बहुतेकांना जमत नाही.

आता अटी. पुढचं सगळं मी असं धरून लिहितेय की जखमा कोरड्या आहेत, ताप नाही, हृदयाची पंपिंग ठीकठाक आहे आणि ठोके नियमित आहेत. डिस्चार्ज कार्डावर 'इजेक्शन फ्रॅक्शन' किंवा 'ईएफ' असा आकडा असेल, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते. तो ४० टक्क्यांच्या खाली असेल, ठोके अनियमित झाल्याची नोंद असेल किंवा किडनीचा क्रिएटिनिन वाढलेला असेल, तर चालणं, पाणी आणि प्रथिनं या तिन्हींचे आकडे बदलतात आणि ते सर्जन किंवा कार्डिओलॉजिस्टनीच ठरवायचे. कार्डावर काही वेगळं लिहिलं असेल तर कार्डाचं ऐका.

छातीच्या हाडाचं आधी सांगते, कारण घरातले सगळे इथे फसतात. छातीचं मधलं हाड उभं कापून स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं. वरची कातडी दोनेक आठवड्यांत मिटलेली दिसते, पण खालचं हाड जुळायला ६ ते ८ आठवडे लागतात आणि पूर्ण घट्ट व्हायला १२ आठवड्यांच्या आसपास. मधुमेहात आणि तंबाखू-विडी चालू असेल तर त्याहून उशीर. वडिलांना त्यांच्या भाषेत सांगा: ताण्यातला तुटलेला धागा गाठ मारून सांधला म्हणून लगेच पूर्ण ताण देत नाहीत ना, तसं. मागावरच्या माणसाला हे एका वाक्यात कळतं.

व्यवहारात याचा अर्थ असा की पहिले ८ आठवडे दोन-तीन किलोंपेक्षा जास्त काही उचलायचं नाही. दोन लिटरची भरलेली बाटली म्हणजे दोन किलो, तेवढाच अंदाज ठेवा. सोलापुरात पाणी रोज येत नाही, त्यामुळे पाणी येण्याचा दिवस हा घरातला सगळ्यात धोक्याचा दिवस. भरलेली बादली १५ किलोंच्या आसपास जाते, घागरही दहा-बारा किलोंची होते, आणि आईला एकटीला ओढताना बघून वडील उठणारच. त्या दिवसापुरता शेजारचा कुणी मुलगा सांगून ठेवा. पाइप ओढणं, मोटर सरकवणं, दुकानाचं शटर, नातवाला उचलणं, सिलिंडर हलवणं, हे सगळं याच यादीत. वजनापेक्षाही वाईट म्हणजे एका हातानं झटका देऊन ओढणं, कारण हाडाचे दोन भाग तेव्हा एकमेकांवर घासतात. नियम असा की जे करायचं ते दोन्ही हातांनी आणि कोपरं बरगड्यांजवळ ठेवून. हात डोक्यावर न्यायला हरकत नाही, उलट न्यायलाच हवेत. फक्त दोन्ही एकदम, सावकाश आणि दुखेल तिथे थांबून. भीतीपोटी हात पोटाशी धरून बसणाऱ्यांचे खांदे महिन्याभरात आखडतात, मग ते सोडवायला वेगळे कष्ट.

खोकला, शिंक किंवा हसू आलं की छातीवर काहीतरी घट्ट धरायचं असतं. चादर घडी करून सहा-आठ इंच जाड करा आणि वर टॉवेल गुंडाळून बांधा. आपल्याकडे या दोन्हींना तोटा नाही. ती गुंडाळी कायम हाताशी हवी. गाडीतून जातानाही छाती आणि पट्टा यांच्यामध्ये तीच ठेवायची, आणि बसायचं मागच्या सीटवर.

अंथरुणातून उठायची पद्धत आईला शिकवा, कारण रोज आठ-दहा वेळा चुकीचं उठणं हेच दुखण्याचं मोठं कारण असतं. आधी गुडघे वाकवायचे. गुंडाळी छातीशी धरून खांदा आणि कंबर एकदम वळवून कुशीवर यायचं. पाय पलंगाखाली सोडायचे, पायांच्या वजनानं धड आपोआप वर येतं, कोपराचा अगदी थोडा टेकू. मग कडेला एक मिनिट बसून राहायचं आणि त्यानंतर उभं राहायचं. हे एक मिनिट वाचवू नका. बीपीच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतात, त्यात उन्हाळा, एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस पडतो. आईनं हात धरून ओढून उठवायचं नाही, यात दोघांचंही नुकसान. जमिनीवर अंथरूण असेल तर दोन महिने पलंग किंवा दिवाण वापरा. जेवायला जमिनीवर बसणंही तोवर बंद, कारण उठताना हातावर सगळा भार येतो. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची मेडिकल साहित्याच्या दुकानात मिळते, भाड्यानंही मिळू शकते. आंघोळ स्टुलावर बसून, कोमट पाण्यानं, बादली जागेवरच भरून.

झोपताना पाठीवर, डोकं आणि छाती दोन-तीन उशांनी किंवा लोडानं उंच करून. रात्री झोप नसण्यामागे निम्मा हात दिवसाच्या झोपेचा असतो. दुपारी एकच डुलकी, ४५ मिनिटांची, तीही ३ च्या आत. रात्री दुखून जाग येत असेल तर डॉक्टरांना विचारून दुखण्याची गोळी झोपायच्या अर्धा तास आधी घेतलेली बरी. "गोळ्या जास्त नकोत" म्हणून दुखणं सोसणारी माणसं खोल श्वास घेत नाहीत, चालत नाहीत आणि झोपतही नाहीत. इथे सहनशक्तीचं कौतुक नको.

तीन बॉलचं श्वासाचं यंत्र रुग्णालयातून दिलं असेल. १८ व्या दिवशी ते बहुतेक घरांत कपाटात गेलेलं असतं. दिवसभर पडून राहणाऱ्याला ते अजून हवं आहे, कारण पडून राहिलं की फुप्फुसांचा खालचा भाग नीट उघडत नाही. यात फुंकायचं नाही, ओढायचं. श्वास पूर्ण सोडा, नळी ओठांत घट्ट धरा, सावकाश ओढा, दोन-तीन सेकंद धरा, मग सोडा. असे १० श्वास, दिवसातून चार-पाच वेळा, मध्ये गरगरलं तर थांबून. तिन्ही बॉल फटकन वर उडवणं ही शर्यत नव्हे, दोनच बॉल सावकाश वर जाऊन तिथे टिकले तर त्याचा उपयोग जास्त.

आता चालणं. घरातली सरळ मोकळी जागा टेपनं मोजा, गॅलरी आणि खोली मिळून १० मीटर निघाली तरी पुरे. या टप्प्यावरची चाल मिनिटाला साधारण ५० मीटर असते, म्हणजे त्या जागेच्या पाच फेऱ्या. पहिल्या दिवशी किती द्यायचं याचा माझा नियम असा: सगळ्यात वाईट दिवशी त्यांना जेवढं सहज जमलं असतं तेवढंच. वडिलांच्या बाबतीत मी ५ मिनिटांपासून सुरू करेन, दिवसातून चार वेळा. ते म्हणतील, एवढ्यानं काय होतंय. वाटू दे त्यांना तसं.

वाढवायचं कधी? तीन गोष्टी बघून. चालताना पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. बसल्यावर १० मिनिटांच्या आत श्वास आणि ठोके पूर्ववत झाले पाहिजेत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त थकवा नसला पाहिजे. दोन दिवस तिन्ही जमलं की प्रत्येक खेपेत एक मिनिट वाढवा. एखादी गोष्ट चुकली तर आदल्या मात्रेवर जा, पण शून्यावर नाही. अशा हिशोबानं चौथ्या आठवड्याच्या शेवटी १० मिनिटं तीन वेळा, पाचव्यात १५ मिनिटं दोन-तीन वेळा, सहाव्यात २० मिनिटं दोन वेळा, असं ढोबळ चित्र असतं. पुढे सलग अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. कुणाचं एक आठवडा मागे-पुढे होतं, त्यानं काही बिघडत नाही.

नाडीचा आकडा बघायचा असेल तर बसलेल्या आकड्यापेक्षा २० ते ३० नं वाढ चालेल, त्यापुढे चाल हळू करा. पण बायपासनंतर बहुतेकांना ठोके आवरणारी गोळी असते. तिच्यामुळे आकडा वाढतच नाही आणि घड्याळ बघून माणूस फसतो. बोलता येतंय का, हीच खात्रीची खूण.

सोलापूरचा एप्रिल-मे हा वेगळा विषय. पारा ४० च्या वर जातो आणि घराचं छत रात्री आठपर्यंत तापलेलं असतं. बाहेर चालायचं ते सकाळी ६ ते ७ मध्ये, नाहीतर संध्याकाळी सातनंतर. मधल्या दोन खेपा घरातच, पंख्याखाली. जेवणानंतर तासभर आणि आंघोळीनंतर पंधरा मिनिटं चालणं नको. पाणी किती प्यायचं हे डॉक्टरांनी बांधून दिलं असेल तर तेवढंच. बांधून दिलं नसेल तर तहानेची वाट न बघता दिवसभर थोडं थोडं, लघवी फिकट पिवळी राहील इतकं. इलेक्ट्रॉल, मीठ-साखरेचं पाणी आपल्या मनानं देऊ नका, त्यातलं मीठ अंगावर सूज आणू शकतं. बाहेरच्या चालण्यासाठी पूर्व भागातले गर्दीचे रस्ते टाळा, धूळ आणि गाड्यांपुढे चाल धड राहत नाही. शक्य असेल तर रिक्षानं हुतात्मा बागेत किंवा कंबर तलावाच्या बाजूला न्या. मात्र हे पाचव्या आठवड्यापासून, आणि बसायला बाक कुठे कुठे आहे ते आधी बघून.

मधुमेहाचं एक लक्षात ठेवा. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर चालण्याआधी शुगर बघा. १०० च्या खाली असेल तर आधी अर्धी भाकरी किंवा एखादं फळ, मग चालणं. खिशात साखर हवीच. बीटा ब्लॉकर, म्हणजे वर सांगितलेली ठोके आवरणारी गोळी, शुगर उतरल्याची धडधड झाकते. घाम मात्र येतो, तेव्हा घामाकडे लक्ष ठेवा.

जिना त्यांना टाळता येणार नाही, पण तूर्त दिवसातून एकदाच. एका पायरीवर दोन्ही पाय, पाच पायऱ्या झाल्या की थांबा. कठडा तोल सांभाळायला धरायचा, स्वतःला ओढायला नाही. बायपासच्या जोडणीसाठी पायातली नस काढली असेल तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना नस काढलेला पाय आधी. त्या पायाला संध्याकाळी सूज येणं नेहमीचं आहे. बसताना पाय स्टुलावर, झोपताना उशीवर, आणि सांगितले असतील तर घट्ट मोजे दिवसा. छातीच्या डाव्या बाजूला बधिरपणा किंवा मुंग्या येत असतील तर त्यालाही घाबरू नका. छातीच्या आतली धमनी जोडणीसाठी घेतलेली असते, तिथल्या बारीक नसा दुखावतात, काही महिने लागतात.

चालण्याखेरीज व्यायाम फार नकोत. खुर्चीत बसून पायाचे पंजे वर-खाली २० वेळा, दर दोन तासांनी. खांदे मागे गोल फिरवणं १० वेळा. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, पुढे सरकून, पाय मागे घेऊन, धड पुढे झुकवून, आधी ५ वेळा आणि आठवड्यानं १०. हा शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, कारण मांड्यांची ताकद आधी जाते आणि रोजचं सगळं जगणं तिच्यावर. योगासनांचा आग्रह कुणीतरी येऊन करेलच. संथ श्वास, श्वास न कोंडता अनुलोम-विलोम ठीक. कपालभाती, भस्त्रिका, कुंभक, सूर्यनमस्कार आणि हातावर भार येणारं कुठलंही आसन तीन महिने नाही, आणि नंतरही विचारूनच.

इथे थांबून धोक्याच्या खुणा सांगते, हे आईच्या फोनमध्ये पाठवून ठेवा. छातीत दाब किंवा दुखणं जे विश्रांतीनं जात नाही, बसल्या जागी धाप, चक्कर येऊन शुद्ध जाणं, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूची ताकद जाणं: लगेच १०८. बसलेले असताना ठोके १२० च्या वर किंवा एकदम अनियमित, १००.४ च्या वर ताप, जखमेतून पाणी किंवा पू, खोकताना छातीच्या हाडात 'कट' असा आवाज किंवा हाड हलल्यासारखं वाटणं, पोटरी एकाच बाजूला सुजून दुखणं, एका दिवसात एक-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोंपेक्षा जास्त वजन वाढणं, अचानक असंबद्ध बोलणं: त्याच दिवशी डॉक्टर. वजन रोज सकाळी, लघवीनंतर, खाण्याआधी, त्याच काट्यावर करायचं. पोट न भरता वजन वाढलं म्हणजे अंगात पाणी साठतंय.

आता मन. बायपासनंतर पहिले काही आठवडे उदास वाटणं, रडू येणं, चिडणं, वाचलेलं लक्षात न राहणं हे फार जणांना होतं. भूल, तुटलेली झोप, दुखणं, कमी झालेलं हिमोग्लोबिन आणि त्यावर घरात कुणाच्या तरी आधारानं संडासला जावं लागणं, एवढं एकत्र आलं की कुणाचंही होईल. यातलं बरंचसं हलकं हलकं होत जातं. पण दर पाचांतल्या साधारण एकाला खरंखुरं नैराश्य येतं, आणि त्याचा परिणाम नुसत्या मनावर राहत नाही. असा माणूस गोळ्या चुकवतो, चालत नाही, आणि हृदयाचंही नुकसान होतं. त्यामुळे दोनच गोष्टी विचारा: गेले दोन आठवडे बहुतेक दिवस मन खिन्न किंवा निराश असतं का, आणि आधी ज्यात रस होता त्यातला रस गेलाय का. एकाचंही उत्तर ठाम 'हो' असेल तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना तसं सांगा, स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. "मी नसतो तर बरं झालं असतं" अशा अर्थाचं काही बोलले तर तपासणीची वाट बघायची नाही. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येतं, घरच्यांनीही फोन केला तरी चालतो. मनाच्या गोळ्या सुरू करायच्या तर हृदयाच्या गोळ्यांची चिठ्ठी त्या डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

तुम्ही फोनवर त्यांना "पॉझिटिव्ह राहा" म्हणता, असं लिहिलंय. ते थांबवलंत तरी चालेल. ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की आपल्याला वाईट वाटतंय हे सांगायची सोय नाही. त्यापेक्षा विचारा, आज किती खेपा झाल्या, काल रात्री किती वाजता जाग आली. उत्तर देता येईल असा प्रश्न हवा. वहीत रोजचं वजन, बीपी, शुगर, चालण्याची मिनिटं आणि दुखण्याला १० पैकी गुण, हे वडिलांनी स्वतःच्या हातानं लिहायचं, आईनं नाही. गोळ्यांचा आठवड्याचा डबाही त्यांनीच भरायचा, आईनं फक्त तपासायचा. आयुष्यभर ज्यानं माग सांभाळला त्याच्या हातात आता काहीच नाही, हे त्यांचं निम्मं दुखणं असू शकतं. बसल्या बसल्या शेंगा निवडणं, लसूण सोलणं, वीजबिलाचं बघणं, नातवाचा गृहपाठ घेणं, ही खरी कामं आहेत. घरातले प्रेमापोटी पाण्याचा पेलासुद्धा हातात देतात. तो देऊ नका, दोन पावलांवर ठेवा.

भेटायला येणाऱ्यांचा प्रश्न आपल्याकडे नाजूक. नाही म्हणता येत नाही, आणि आलेला प्रत्येकजण आपल्या ओळखीत बायपासनंतर कोणाचं काय झालं ते सांगून जातो. संध्याकाळी ५ ते ६ ही वेळ ठरवा, एका वेळी दोघेच, १५ मिनिटं. सर्दी-खोकला असलेल्याला सरळ फोनवर बोला म्हणावं. "डॉक्टरांनी सांगितलंय" हे वाक्य वापरा, त्यावर कोणी वाद घालत नाही. उलट कारखान्यातला एखादा जुना जोडीदार रोज संध्याकाळी यायला तयार असेल तर सातची खेप त्याच्यासोबत लावा. घरच्यांच्या दहा शब्दांपेक्षा त्याचा एक पुरतो. आणि एक ठिकाण ठरवा. सिद्धेश्वराचं दर्शन असेल तर सहाव्या-सातव्या आठवड्यात, सकाळी लवकर, गर्दीचा दिवस सोडून, दारापर्यंत रिक्षा, पुढे चालत. तलावातल्या मंदिरापर्यंत जाऊन यायला किती मिनिटं चालावं लागेल, ते तुम्ही आधी एकदा मोजून या आणि घरात त्या आकड्याची तयारी करून घ्या.

खाण्याचं. हाड आणि जखमा भरायला प्रथिनं लागतात, किडनी ठीक असेल तर वजनाच्या किलोमागे साधारण १.२ ग्रॅम. म्हणजे वडिलांना दिवसाला ८० ग्रॅमच्या आसपास. आकडा मोठा वाटतो, पण मांडून बघा: एक अख्खं अंडं आणि दोन अंड्यांचा पांढरा भाग १३, दोन पेले दूध १३, दोन वाट्या घट्ट वरण १३, एक वाटी मटकीची उसळ ८, पनीर ५० ग्रॅम ९, वाटीभर दही ५, ज्वारीच्या तीन मध्यम भाकऱ्या १५, मूठभर शेंगदाणे ५. अंडी खात नसतील तर पनीर दुप्पट करा आणि सोयाबीनच्या वड्या थोड्या घाला. भूक नाही तोवर दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान. तोंडाची चव जाणं महिनाभर चालतं, लिंबू आणि कोथिंबिरीनं थोडं निभतं.

भाकरी चालते, उत्तम. कडक भाकरी आमटीत कुस्करून मऊ करून द्या, कोरडी चावताना दम लागतो आणि पाणी कमी असेल तर पोट धरतं. शेंगाचटणीत शेंगा निर्दोष आहेत. अडचण मिठाची, आणि त्या चटणीवर दोन भाकरी जास्त जाण्याची. घरी कमी मिठात कुटा, दिवसाला एक चमचा. दिवसाचं एकूण मीठ ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, त्यात चटणी, लोणचं, पापड, आमटी सगळं आलं. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, दुखण्याच्या आणि लोहाच्या गोळ्यांनी ते होतं आणि कुंथण्यानं छातीवर आणि हृदयावर ताण येतो. ताक, पपई, पालेभाजी, रात्री इसबगोल, आणि तीन दिवसांत न झाल्यास डॉक्टरांकडून औषध. तंबाखू, मिश्री, विडी यांचं मी इथे समजावत बसत नाही. नवीन जोडलेल्या नळ्या टिकवायच्या तर बंद, पूर्ण बंद. आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या व कोलेस्टेरॉलच्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून, अगदी दाताच्या डॉक्टरांच्याही, सर्जनला विचारल्याशिवाय थांबवायच्या नाहीत.

स्कूटर १२ आठवड्यांच्या आत नको. चालवताना जोर लागत नाही असं वाटतं, पण खड्ड्यात बसणारा हिसका, स्टँडवर चढवणं आणि तोल गेल्यावर गाडी सावरणं, हे सगळं छातीच्या हाडावर येतं. मागे बसून जाणंही दोन महिने टाळा. पती-पत्नींचे संबंध हा प्रश्न कोणी विचारत नाही, पण मनात असतो: दोन जिने न धापता चढता आले आणि छाती दुखत नसेल तर ६ ते ८ आठवड्यांनंतर हरकत नसते. मागावरचं काम ईएफ आणि तपासणी बघूनच, बहुधा तीन महिन्यांनी, तेही आधी अर्धी पाळी, आणि उन्हाळा उतरल्यावर. बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला जड रूळ, उचलणं-चढवणं मात्र कायमचं दुसऱ्याकडे द्यायला लागेल, हे आत्ताच हळूच सांगून ठेवा.

सहाव्या आठवड्याच्या तपासणीला वही घेऊन जा आणि हे विचारा: छातीचं हाड घट्ट झालंय का, वजन उचलण्याची मर्यादा आता किती, हिमोग्लोबिन आणि तीन महिन्यांची शुगर केलीय का, लघवीची गोळी चालू ठेवायची का, आणि तिथल्या फिजिओथेरपी विभागात सहा मिनिटांची चालण्याची चाचणी होईल का. चाचणीत किती मीटर झालं तो आकडा मला कळवा, पुढची मात्रा त्यावरून सांगता येईल. तोवर तुम्ही पुण्याहून शनिवारी येता तेव्हा आईला दोन तास घराबाहेर पाठवा. सकाळची खेप तुम्ही वडिलांसोबत करा, आणि करताना त्यांच्या पुढे चालू नका.